फ्रान्समध्ये राहून सावकाश जगायला कोणी शिकलंय का?

ठाण्याची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चौदा महिन्यांपूर्वी आम्ही ठाण्याहून ल्योंला आलो. घर क्र्वा-रूसच्या टेकडीवर, ऑफिस खाली पार-द्यूला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. नवरा घरूनच काम करतो. लेक चार वर्षांची, मातेर्नेलला, म्हणजे इथल्या बालवाडीला जाते.

ठाण्यात माझा डबा दुपारी दोन-अडीचला उघडायचा, तोही स्क्रीनसमोर. डाव्या हातात माऊस, उजव्या हातात पोळीभाजीचा रोल. दहा वर्षं असंच जेवले आणि त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही. इथे पहिल्या आठवड्यात तसाच डबा उघडला, तर टीममधली एक बाई, वयाने माझ्या आईएवढी, शेजारी येऊन उभी राहिली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "इथे नको. चल." आणि मला डब्यासकट कँटीनमध्ये घेऊन गेली.

तेव्हापासून रोज सव्वाबाराला आम्ही सहाजण एका टेबलाला बसतो. त्या बाईंचं जेवण मी आता पाठ सांगू शकते. आधी किसलेल्या गाजराची कोशिंबीर, मग गरम पदार्थ, मग चीजचा एक तुकडा पावाबरोबर, शेवटी एखादं फळ. थंडीत बहुतेक वेळा पेअर असतो. तो त्या लहान सुरीने सोलतात, साल न तोडता, गोल गोल. मग चार फोडी, बिया काढायच्या, आणि एकेक फोड काट्याने. मध्येच सुरी खाली ठेवून बोलतात. एका पेअरला सात-आठ मिनिटं सहज जातात. माझा डबा तोवर केव्हाच संपलेला असतो. टेबलाखाली माझा पाय हलत राहतो आणि डोक्यात, वर किती टेस्ट केसेस राहिल्यात त्याचा हिशोब.

रविवारचंही तसंच. सकाळी बुलव्हारवरचा बाजार भरतो, तो मला मनापासून आवडतो. पण दुपारी एकनंतर सगळं शांत. दुकानं बंद, रस्त्यावर कोणी नाही, शेजारी जेवायला बसले की चार वाजेपर्यंत काटे-चमच्यांचे आवाज येत राहतात. मी त्या वेळात तीन मशीन कपडे धुते आणि आठवड्याच्या भाज्या चिरून ठेवते. काहीच केलं नाही तर दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो.

हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या मंगळवारी रात्री मी पोळ्या करत होते, बापलेक जेवत होते. मी तव्याशी उभ्याउभ्याच घास घेत होते, माझी आई घ्यायची तशी. लेक म्हणाली, "आई, तू बस ना. कांतिनमध्ये कोण्णीच उभं राहून जेवत नाही." मी गॅस बंद केला आणि बसले. पण घास उतरेना.

मोबाईलवर 'फ्रेंच लाइफस्टाइल' म्हणून जे दिसतं, ते स्कार्फ आणि क्रुआसाँ, ते मला नकोय. मला हे विचारायचंय की इथे राहिलेल्या कोणाचा आतला वेग खरंच कमी झाला का? कसा? पुढच्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय आणि आम्ही बहुतेक ठाण्याला परत जाऊ. तिथे यातलं काय टिकतं?

---

तुलूझकर

ताई, मी एकवीस वर्षं तुलूझला आहे, विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. तुमचा तो हलणारा पाय मी ओळखतो. माझा तीन वर्षं हलत होता.

हा लोकांचा मूळ स्वभाव आहे असं धरून तुम्ही तो अंगात आणायला बघताय, आणि जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावताय. तसं करू नका. हे सावकाश जगणं कायद्याने बांधून काढलेलं आहे. तुम्हाला डेस्कवरून उठवणाऱ्या त्या बाई प्रेमळ असतीलच, पण कंपनीने कामगारांना कामाच्या जागेत जेवू देऊ नये असं इथल्या कामगार कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कोविडमध्ये, 2021 साली, तो नियम तात्पुरता सैल करावा लागला, तेव्हा बऱ्याच जणांना असा नियम आहे हे पहिल्यांदा कळलं.

तसंच बाकीचं. 1936च्या जूनमध्ये देशभर संप झाले, कामगार कारखाने अडवून आतच राहिले. त्यातून 40 तासांचा आठवडा आणि वर्षाला दोन आठवडे भरपगारी सुट्टी मिळाली. त्या उन्हाळ्यात सवलतीचं रेल्वे तिकीट काढून कित्येक कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. मग 1956 साली तिसरा आठवडा, 1969 साली चौथा, 1982 साली पाचवा. 35 तासांचा कायदा 2000 सालापासून लागू झाला. माझ्यासारख्या 'काद्र', म्हणजे वरच्या हुद्द्यावरच्या मंडळींना तास मोजत नाहीत, दिवस मोजतात, वर्षाला जास्तीत जास्त 218. वर उरतात त्या 'एर-ते-ते'च्या, म्हणजे कामाचे तास कमी केल्याबद्दलच्या जादा सुट्ट्या. मे महिन्यात गुरुवारी सण आला की शुक्रवार जोडून घेतात, त्याला 'पूल बांधणं' म्हणतात. दर वर्षी आमच्या प्लॅनिंगच्या तक्त्यावर ते पूल जानेवारीतच रंगवलेले असतात.

तुम्ही ज्या टेकडीवर राहता तिथल्या घरांची छतं बघा, किती उंच आहेत. जवळजवळ चार मीटर उंचीचे रेशमाचे माग मावायचे त्यात. तिथल्या विणकरांनी, कान्यूंनी, 1831 साली मजुरीचा किमान दर बांधून मागितला. मालकांनी तो पाळला नाही म्हणून ते काळं निशाण घेऊन टेकडी उतरले. 'काम करत जगू, नाहीतर लढत मरू' असं त्यावर लिहिलेलं होतं.

हे सगळं इथल्या एका युनियनवाल्या सहकाऱ्याने मला जेवताना सांगितलं, तेव्हा मला आजोबा आठवले. परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांच्या तोंडी लोखंड्यांचं नाव असायचं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जो अर्ज केला, त्यातल्या दोन मागण्या होत्या: रविवारची सुट्टी, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार मिळाला 1890 मध्ये. फ्रान्समध्ये कारखान्यांतल्या आणि दुकानांतल्या कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी देणारा कायदा झाला 1906 साली. म्हणजे तुमच्या टेबलावरची ती दुपार आपल्याही माणसांनी मागितलेली आहे, ताई. ती दुसऱ्या कोणाची म्हणून संकोचाने घेऊ नका.

आता माझा पाय कसा थांबला ते. तिसऱ्या वर्षी मी एका रविवारी रात्री टीमला मेल टाकला. काम आटोपलं याचा आनंद होता, बाकी काही नाही. सोमवारी साहेबाने दार लावून बसवलं आणि म्हणाला, "तू रविवारी लिहिलंस, की बाकीच्या सातजणांना रविवारी वाचावं लागतं." मी स्वतःला मेहनती समजत होतो. माझ्या मेहनतीने दुसऱ्यांचा रविवार मोडतो हा विचार मला कधी शिवला नव्हता. कामाच्या वेळेबाहेर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्काचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2017 पासून आला. माझ्यापुरता तो त्या सोमवारीच लागू झाला होता.

म्हणून सांगतो, आतला वेग वगैरे नंतर बघा. आधी घड्याळ बांधा. सव्वाबारा ते सव्वा, रोज. पाय आपोआप थांबतो. मला आठेक महिने लागले.

---

ओल्नेची_सुनीता

मला थोडं वेगळं सांगायचंय. राग मानू नका, पण हे धागे वाचून नेहमी आतून तुटतं.

आम्ही पॅरिसच्या उत्तरेला उपनगरात राहतो. मी पाळणाघरात मदतनीस आहे, नवरा एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात. माझी सकाळची लोकल 5:50ची, पहिली पाळी असली की. डब्यात जे चेहरे असतात, साफसफाईवाल्या बाया, सिक्युरिटीवाले, त्यांना विचारा सावकाश जगणं म्हणजे काय ते. 'मेत्रो, बुलो, दोदो' हा शब्दप्रयोग फ्रेंचांनीच काढलेला आहे: मेट्रो, काम, झोप. सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या मुलींना सकाळी चार तास आणि संध्याकाळी तीन तास काम असतं, मधल्या वेळात घरी जाऊन येण्याइतकं घर जवळ नसतं.

तुम्ही साडेबाराला टेबलावर बसता तेव्हा माझा नवरा आत उभा असतो. दुपारचं आटोपलं की तीन ते सहा 'कूप्यूर', म्हणजे मधली सुट्टी. घरी यायला सव्वा तास, परत जायला सव्वा तास. मग तो लायब्ररीत बसतो, नाहीतर उन्हाळ्यात बागेतल्या बाकावर झोपतो. रात्री साडेअकराला घरी. तुमची लांबलेली जेवणं कोणाच्या तरी पायांवर उभी असतात, एवढं ध्यानात असू द्या.

हे झालं एक. दुसरंही सांगते, नाहीतर खोटं होईल. त्याच्या स्वयंपाकघरात सकाळी अकराला, गिऱ्हाईक यायच्या आधी, सगळ्या स्टाफचं जेवण होतं. शेफ, वेटर, आणि भांडी घासणारा माली देशातला पोरगा, सगळे एका टेबलावर. अर्धाच तास, पण बसून. वाढलेलं सगळ्यांना सारखं. माझा नवरा आधी मुंबईत हॉटेलात होता. तिथे नऊ वर्षांत तो एकदाही बसून जेवला नव्हता. भिंतीशी उभं राहून, ताटली हातात धरून. इथल्या पहिल्या दिवशी शेफने त्याच्यासाठी खुर्ची ओढली, ती गोष्ट तो अजून सांगतो.

पाळणाघरातही तसंच आहे. दीड-दोन वर्षांची पोरं बुटक्या टेबलांभोवती बसतात, आम्ही त्यांच्या उंचीच्या स्टुलांवर. मागे लागून, फिरवत फिरवत कोणाला भरवत नाही. जेवण सांडतं, सांडू देतो. एक पोर जेवलं म्हणून उठत नाही, बाकीच्यांचं व्हायचं असतं. जेवण झालं की सगळी झोपतात. त्या पाऊण तासात खोलीत जी शांतता असते, ती माझ्या सबंध दिवसातली एकुलती एक. म्हणून तुमच्या लेकीचं वाक्य वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला तो नियमच माहीत आहे. तिच्या लेखी उभं राहून जेवणारं माणूस म्हणजे पंगतीतून वगळलेलं माणूस.

---

गोदाकाठ

अगं, तुझा दुसरा प्रश्न माझ्यासाठी आहे. आम्ही आठ वर्षं नाँतला होतो, 2019 मध्ये नाशिकला परत आलो. काय टिकलं ते सांगते, आणि काय नाही तेही.

नवऱ्याच्या कामाचे तास टिकले नाहीत. तुलूझकरदादा म्हणतात ते खरं आहे, बाकीच्यांनी पाळला नाही तर तुझा एकटीचा नियम दोन महिन्यांत झिजतो. त्याचे कॉल रात्री नऊला असतात, ते मी बदलू शकत नाही. पाच आठवड्यांची सुट्टी विसरून जा. दोन तासांचं जेवण आठवड्याच्या दिवशी विसरून जा.

टिकलं ते बहुतेक सगळं स्वयंपाकघरातलं आहे. मुलांचं साडेचारचं खाणं टिकलं. तिकडे त्याला 'गुते' म्हणतात: शाळेतून आलं की एकदा बसून काहीतरी गोड, पाव आणि चॉकलेटचा तुकडा, एखादं फळ, आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत काही नाही. मी इथे येऊन सासूबाईंना समजावायला लागले, तर त्या म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं मधल्या वेळचं." खरंच की. त्यांच्या लहानपणी साडेचारला गूळपोळीचा तुकडा नाहीतर दडपे पोहे मिळायचे, आणि मध्येअध्ये डब्यात हात घालायची सोय नव्हती. वेफर्सच्या पुड्या घरात आल्या तेव्हा ते गेलं. मी फ्रान्सहून आणलेली रीत सासूबाईंनीच घरात पुन्हा लावली.

पोळीचं मात्र सोपं नव्हतं. ते सविस्तर सांगते, कारण तुझं तिथेच अडलंय.

तिकडे यजमानीण टेबलावर बसलेली असते, याचं मला पहिली दोन वर्षं कोडं होतं. मग नीट पाहिलं. त्यांचं पहिलं वाढणं गार असतं, आधी करून ठेवलेलं. मुख्य पदार्थ ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर आपला आपण शिजत असतो. नंतर चीज, ते नुसतं फळीवर आणून ठेवायचं. म्हणजे पानं घेतल्यावर चुलीशी उभं राहावं लागेल असं त्यात काहीच नाही. आपल्याकडे ताटात सगळं एकदम असतं, आणि नेमकी पोळी तेवढी तव्यावरून थेट हवी. फुगलेली पोळी ताटात पडली पाहिजे म्हणजे कोणीतरी एक जण तव्याशी हवंच. ते कोणी एक म्हणजे कोण, हे तुला मी सांगायला नको.

मी घरात जाहीर केलं की पोळ्या आठ वाजता करून डब्यात, फडक्यात गुंडाळून. सव्वाआठला सगळ्यांनी बसायचं, मीसुद्धा. सासरे पंधरा दिवस गप्प गप्प जेवत होते. त्यांना गरम पोळीची सत्तर वर्षांची सवय, त्यांचं दुःख मला कळत होतं. सासूबाई तर उठउठ उठायच्या, मीठ आण, पाणी आण. मी सगळं टेबलावर आधी मांडायला लागले, तांब्यासकट. एक दिवस जेवता जेवता सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सुरू केली आणि ती संपेपर्यंत कोणी उठलं नाही. सासरे म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती. सासूबाई जेवताना कधी बसल्याच नव्हत्या, सांगणार केव्हा?

आता गार पोळीबद्दल कोणी बोलत नाही.

बाकी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराला मी पिशवी घेऊन जाते, ॲपवरून भाजी मागवत नाही. तिथे मेथीवाल्या मावशी तिकडच्या मार्शेतल्या बाईसारख्याच विचारतात, आज करणार की उद्या? त्यावरून जुडी निवडून देतात. नाँतमध्ये खरबूज घेताना असंच विचारायचे, दुपारी खाणार की रात्री.

---

ग्रेनोब्लची_खोली

मी विद्यार्थी आहे, पहिलंच वर्ष. माझ्याकडे सल्ला नाही, एक गोष्ट आहे.

सुरुवातीला बेकरीत जाऊन मी थेट मागायचो, "एक बागेत", म्हणजे इथला तो लांबडा पाव. ती बाई माझ्याकडे बघून, स्पष्ट आवाजात "बोंजूर" म्हणायची आणि थांबायची. मला वाटायचं मी परका म्हणून अशी वागते. मग रूममेटने सांगितलं, अरे, तू बोंजूर म्हटलंच नाहीस, तिच्या दृष्टीने तू अजून दुकानात आलेलाच नाहीस. आता मी दारातच बोंजूर म्हणतो. मागे पाचजण असले तरी ती माझ्याशी दोन वाक्यं बोलते आणि मागचे पाचही जण शांत उभे राहतात.

हल्ली मी 'त्रादिसियाँ', म्हणजे पारंपरिक पद्धतीची बागेत घेतो. 1993च्या सरकारी नियमाप्रमाणे त्यात फक्त पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, गोठवलेली कणीक चालत नाही. दुसऱ्या दिवशी ती दगड होते, म्हणून रोज जावं लागतं. टोक रस्त्यातच तोडून खायचं असतं, सगळे खातात. घरापासून बेकरी चारशे पावलं आहे. दिवसभरात फोनशिवाय मी तेवढाच चालतो.

---

ठाण्याची_लेक

सगळ्यांचे आभार. सुनीताताई, राग कसला. तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. शनिवारी आम्ही बाहेर जेवायला गेलो तेव्हा अडीच वाजता मी त्याला म्हटलं, ऊठ, आत कोणाची तरी सुट्टी आपल्यामुळे लांबतेय.

तुलूझकरदादा, रविवारी आमचं छत मोजलं. 3 मीटर 90. वरच्या तुळईत मोठाली भोकं आहेत, ती कशाची ते आजवर कळत नव्हतं. मागाचीच असतील का? आजोबांची आणि लोखंड्यांची गोष्ट मी जेवताना टेबलावर सांगितली, माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये. पेअरवाल्या बाईंनी सुरी खाली ठेवून ऐकली. त्यांचे पणजोबा इथल्याच रेशमाच्या कामातले निघाले. चौदा महिने रोज समोर बसतो आम्ही, आणि हे आत्ता कळतंय.

गोदाकाठताई, गेले सहा दिवस पोळ्या आधी करते. पहिल्या दोन दिवशी मी जेवणात चार वेळा उठले, लेकीने मोजले. काल एकदाच उठले, तेही लोणच्यासाठी. आजपासून बरणी टेबलावरच आहे. आणि हो, माझी आई फोनवर म्हणाली, "मला हे आधी कोणी का नाही सांगितलं गं?" त्यावर मला काही बोलता आलं नाही.

उद्या माझी पाळी आहे ऑफिसच्या टेबलावर गोड न्यायची. इथे 'फेसेल' म्हणून मिळतं ना, भोकाच्या डब्यातलं ताजं निथळतं चीज, ते फडक्यात बांधून नळाला टांगलंय. त्याचा चक्का छान होतो, आंबटपणा थोडा कमी, म्हणून दोन चमचे दही घातलंय. त्या बाई म्हणाल्या, ल्योंमध्ये यातच लसूण, बारीक कांदा आणि हिरवी पात घालून खातात, त्याला 'कान्यूचा मेंदू' म्हणतात, तुमच्यात गोड कसं करतात ते बघायचंय. साखर आत्ता घालू की सकाळी, हे कोणी सांगेल का? आई आता झोपली असेल.